लकवा, रुग्णालय आणि सुटणारे घर : मुंबईत आर्थिक मदत कुठे, कधी आणि कशी मागावी

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे ‘जीबीएस’चे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि पुढे मुंबईतही काही रुग्ण आढळले, तेव्हा पाणी उकळून प्यावे का, बाहेरचे खावे का, हे प्रश्न घरोघरी विचारले गेले. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. काल कामावर गेलेला कमावता माणूस आज हातपाय हलवू शकत नसेल आणि पुढचे सहा महिने किंवा वर्षभर त्याला उठता येणार नसेल, तर त्याच्या घराचे भाडे कोण भरणार? मुंबईत हा प्रश्न जीबीएसपुरता नाही. पक्षाघाताचा झटका आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे तो उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेकांना फार उशिरा सापडते.

शरीर अचानक लुळे का पडते

अचानक येणाऱ्या लकव्याची कारणे अनेक आहेत, पण दोन समजून घेतली तरी पुढचा हिशेब कळतो. पक्षाघातात मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि मेंदूच्या ज्या भागाचे रक्त तुटते तो भाग शरीराच्या ज्या अवयवांना चालवतो ते थांबतात. म्हणून बहुधा एकच बाजू जाते, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्याआधी कोणाचा सल्ला घेत बसू नये. जीबीएसमध्ये मेंदू शाबूत असतो. जुलाब किंवा सर्दी-तापासारख्या संसर्गानंतर शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, आणि अशक्तपणा पायांपासून वर चढत कधी कधी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचतो. त्यावर इम्युनोग्लोब्युलिनची महागडी इंजेक्शने किंवा रक्तातील द्रव बदलण्याची प्रक्रिया करावी लागते. यातून बहुतेक रुग्ण बरे होतात, पण सावकाश.

पैशाच्या दृष्टीने दोन्ही आजारांत एक गोष्ट सारखी आहे. पहिल्या काही दिवसांत फार मोठा खर्च येतो, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, औषधे, डायपर आणि माणूस सांभाळणाऱ्याची बुडालेली मजुरी असा लहान पण न थांबणारा खर्च चालू राहतो. कुटुंबे पहिल्या खर्चात सगळे संपवतात आणि दुसऱ्या खर्चात घर गमावतात.

घर नेमके कसे जाते

उदाहरण म्हणून भांडुपमध्ये हेवी डिपॉझिटवर राहणारे चौघांचे कुटुंब घेऊ. या पद्धतीत दरमहा भाडे नसते किंवा नाममात्र असते. त्याऐवजी काही लाख रुपये घरमालकाकडे ठेवलेले असतात. गावाकडची जमीन विकून, सोने मोडून, पतपेढीचे कर्ज काढून उभी केलेली ती रक्कम हीच या कुटुंबाची एकमेव बचत असते. वडिलांना झटका येतो, जवळच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात दाखल केले जाते, तिसऱ्या दिवशी काउंटरवरून ‘आणखी भरा’ असा निरोप येतो आणि कुटुंब घरमालकाला डिपॉझिट परत मागते. घरमालक बहुधा देतोही, पण घर रिकामे करून घेऊन.

मग हे कुटुंब परवडेल तिथे, म्हणजे नालासोपारा किंवा बदलापूरच्याही पुढे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाते. पक्षाघातानंतरचे पहिले तीन ते सहा महिने स्नायूंना पुन्हा कामाला लावण्यासाठी सर्वांत मोलाचे असतात, आणि नेमक्या त्याच काळात रुग्णाला खाली उतरवायला चार माणसे लागतात म्हणून उपचार थांबतात. म्हणूनच रुग्णालयाजवळच्या घराचे भाडे हा उपचाराचाच खर्च आहे, असे मी मानतो. पहिल्या आठवड्यात डिपॉझिटला हात लावू नये, ही या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे, आणि ती पाळता यावी यासाठीच पुढील माहिती पहिल्या दिवशी हवी.

मदत पुढच्या खर्चाला मिळते, मागच्या नाही

सरकारी व धर्मादाय मदतीचा हा मूळ नियम कोणी समजावून सांगत नाही. रेशन दुकानात या महिन्याचे न उचललेले धान्य पुढच्या महिन्यात मागता येत नाही, तसेच हे आहे : हक्क असतो, पण त्याच्या वेळेतच. रुग्ण दाखल असताना मदत थेट रुग्णालयाला दिली जाते. बिल भरून घरी आल्यावर पावत्यांची फाइल घेऊन गेलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी ‘आधी का नाही आलात’ एवढेच ऐकावे लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात; पक्षाघात आणि जीबीएस या दोन्हींचे उपचार तिच्यात येतात. अट एकच, की रुग्णालय योजनेत नोंदलेले असावे. अशा रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसतो आणि रेशन कार्ड व आधार कार्ड दाखवल्यावर मंजुरीची प्रक्रिया तोच करतो. तातडीच्या वेळी फोनवरून नोंद करून कागद नंतर आणण्याचीही सोय आहे. त्यामुळे दाखल करतानाच ‘हे रुग्णालय जन आरोग्य योजनेत आहे का’ हा प्रश्न विचारावा. नसेल, तर रुग्णाची प्रकृती हलवण्याजोगी होताच योजनेतील रुग्णालयात किंवा केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. यांपैकी एका ठिकाणी नेण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे.

मुख्यमंत्री सहायता निधीची रीत अशीच आहे. ठरावीक गंभीर आजारांच्या यादीत मेंदूचे आजार आहेत. अर्जासोबत डॉक्टरांनी सही-शिक्क्यानिशी दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक, वार्षिक १ लाख ६० हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, ओळखीचे कागद आणि रुग्ण खाटेवर असतानाचा, स्थळाची नोंद असलेला फोटो लागतो. त्या फोटोवरूनच कळते की घरी परतलेल्या रुग्णासाठी हा निधी नाही.

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधिकारी असतात. कोणत्या ट्रस्टकडे कोणता अर्ज करायचा, गरीब रुग्णांसाठीच्या ‘पुअर बॉक्स’ निधीतून कोणते औषध आणता येईल, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थांना कोणते कागद लागतात, हे त्यांना रोजच्या कामामुळे पाठ असते. मोठ्या माणसाच्या ओळखीचे पत्र मिळवण्यासाठी दोन दिवस फिरण्यापेक्षा त्यांच्या टेबलासमोर अर्धा तास बसणे अधिक उपयोगाचे ठरते.

‘आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला कोण देणार?’

ही समजूत आता जुनी झाली आहे. २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवली आणि पांढऱ्या रेशन कार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. महिना पंचवीस-तीस हजार कमावणारे, स्वतःला गरीब न म्हणवणारे कुटुंबच या शहरात सर्वाधिक अडचणीत येते, कारण मदत आपल्यासाठी नाही असे गृहीत धरून ते विचारतच नाही.

धर्मादाय रुग्णालयांबाबतही हेच घडते. विश्वस्त संस्थेने चालवलेल्या आणि त्या नात्याने कायद्याच्या सवलती घेणाऱ्या रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दोन बंधने आहेत. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत द्यायच्या आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, आणि दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. दुसरी मर्यादा महिन्याला तीस हजार इतकी होते, हे फार थोड्यांना माहीत असते. या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करणेही बंधनकारक आहे. मुंबईतील अनेक नामांकित, चकचकीत रुग्णालये विश्वस्त संस्थांचीच आहेत, त्यामुळे केवळ इमारत पाहून माघारी फिरू नये. ‘खाटा भरल्या आहेत’ असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. तक्रार वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात करता येते.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत एक अडचण खरी आहे आणि तिच्याविषयी बोलले गेले पाहिजे. दाखला साधारणपणे सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो, तर आजाराने उत्पन्न बुडते ते चालू वर्षात. त्यामुळे खिशात काही नसलेले कुटुंब कागदावर कमावते दिसते. यावर पूर्ण उपाय नाही, पण ३१ मार्च उलटताच नवा दाखला काढावा. जी दारे आधी बंद होती त्यांतील काही त्या दाखल्याने उघडतात.

‘विमा आहे की!’

कोणता, हे पाहावे. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना केवळ अपघातासाठी आहे. आजाराने आलेल्या लकव्याला तिच्यातून काही मिळत नाही, आणि ४३६ रुपयांची जीवनज्योती योजना केवळ मृत्यूनंतर उपयोगी पडते. गंभीर आजाराच्या पॉलिसीत पक्षाघात असतो, पण शरीरावरचा परिणाम किमान तीन महिने टिकल्याचा वैद्यकीय पुरावा द्यावा लागतो. म्हणून तीन महिन्यांनंतर न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. घरासाठी कर्ज घेतले असेल तर त्या वेळी कर्जासोबत विमा गळ्यात घातला होता का, हे मंजुरीपत्रात तपासावे. अनेकांच्या कर्जातून हप्ता आधीच कापलेला असतो आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

पगार थांबला, तरी काही रक्कम चालू राहू शकते

महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, नाव असलेल्या कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. तिथेच थांबू नये. दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायूचा समावेश आहे आणि दोन वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला पुढे ८० टक्के दराने, एकूण दोन वर्षांपर्यंत, लाभ मिळू शकतो. कंपनीतील कारकुनालाही हे अनेकदा ठाऊक नसते, म्हणून थेट ईएसआयसीच्या शाखेत विचारावे.

भविष्यनिर्वाह निधीतून आजारपणासाठी रक्कम काढता येते. माणूस कायमचा आणि पूर्णपणे काम करण्यास असमर्थ ठरला तर निवृत्तिवेतन योजनेतून अपंगत्वाचे मासिक निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट लागू होत नाही. राजीनामा देण्याआधी हे पाहणे अत्यावश्यक आहे. ‘तुम्हीच राजीनामा द्या, हिशेब लवकर करतो’ असे सांगितले गेल्यावर घाईत केलेल्या सहीमुळे हे हक्क हातचे जातात. सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असणाऱ्यांना तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २० संरक्षण देते : सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही आणि पदावनतीही करता येत नाही; त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते.

घर टिकवण्यासाठी : भाडेकरू आणि कर्जदार

लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याने आधी आपला करार नोंदणीकृत आहे का आणि त्याची मुदत कधी संपते, हे पाहावे. मुदत चालू असताना घरमालकाने कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे हे बेकायदा आहे. मात्र मुदत संपल्यावर घर अडवून बसणे अंगाशी येते, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार त्या काळासाठी दुप्पट शुल्क आकारले जाऊ शकते. त्यामुळे वाटाघाट मुदतीच्या आत करावी. डिपॉझिट पूर्ण परत घेण्याऐवजी त्यातून काही महिन्यांचे भाडे वळते करून घेण्याची विनंती करावी आणि मान्य झाल्यास तसे दोघांच्या सहीने लिहून घ्यावे. घरमालकालाही ताबडतोब मोठी रक्कम उभी करावी लागत नसल्याने हा मार्ग त्याला अनेकदा पटतो.

गृहकर्ज असेल तर ९० दिवस ही संख्या लक्षात ठेवावी. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते ‘अनुत्पादक’, म्हणजे वसुली धोक्यात आलेले, ठरवते आणि तारण घर ताब्यात घेऊन वसुली करण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याचा मार्ग मोकळा होतो. त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर दिल्यास बँकेला १५ दिवसांत कारणासह प्रत्युत्तर द्यावे लागते. आणि ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण खरी संधी त्या पहिल्या ९० दिवसांत असते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा किंवा काही महिने सवलत देण्याचा अर्ज शाखेत द्यावा आणि पोचपावती घ्यावी. बँकेवर तो मान्य करण्याची सक्ती नाही, पण फोन न उचलणाऱ्या कर्जदारापेक्षा कागद देणाऱ्या कर्जदाराला अधिक वेळ मिळतो.

वकिलाचा खर्च हे गप्प बसण्याचे कारण होऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेविषयक मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

दिव्यांगत्व प्रमाणपत्र : नको वाटणारा, पण लागणारा कागद

अनेक कुटुंबे हे प्रमाणपत्र काढणे टाळतात, कारण ते घेतले म्हणजे आपण आशा सोडली असे त्यांना वाटते. हा घोर समजण्यासारखा आहे. पण सुधारणा होण्याची शक्यता असेल तेव्हा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र दिले जाते; त्याने बरे होणे थांबत नाही आणि कोणी कायमचा शिक्का मारत नाही. आजार स्थिरावल्यावर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के ही बहुतेक लाभांची किमान पातळी आहे.

या कागदावर राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांगांना दरमहा मिळणारी रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली. अर्ज तहसीलदार कार्यालयात होतो आणि राज्यात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. दुर्धर आजारांच्या यादीत पक्षाघाताचे नाव स्वतंत्रपणे आहे, त्यामुळे प्रमाणपत्राला वेळ लागत असेल तरी सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. मात्र तेव्हा उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार रुपये, आणि दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत एवढ्यावर जगणारे चौघांचे कुटुंब शोधून सापडणार नाही, आणि ही मर्यादा न वाढवता अनुदान वाढवल्याने खऱ्या गरजूंपैकी किती जण आत येतील, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारलाच पाहिजे. मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची वेगळी योजना आहे. तिच्यात ४० ते ८० टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना सहा महिन्यांना ६ हजार आणि त्याहून अधिक असल्यास १८ हजार रुपये मिळतात.

चालण्यासाठी कॅलिपर, व्हीलचेअर आणि नियमित व्यायाम यांसाठी हाजीअलीजवळची केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. वाचा गेली असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था.

पैसे खात्यात आहेत, पण सही होत नाही

ही अडचण ऐकायला लहान वाटते, पण ती घर मोडू शकते. उजवा हात गेला की सही गेली, आणि बँकेतील मुलगा काउंटरवरून ‘त्यांना घेऊन या’ म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत : आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा, आणि अंगठाही उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे शाईचे पॅड घेऊन अधिकाऱ्याने रुग्णाच्या खाटेपाशी यायचे असते. शाखा व्यवस्थापकाला तशी लेखी विनंती करावी. रुग्ण पूर्ण बेशुद्धावस्थेत असेल तर पत्नीला किंवा मुलांना पालक म्हणून नेमण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत.

‘लोकांपुढे हात पसरायला लाज वाटते’

ऑनलाइन निधी गोळा करण्याबाबत हा आक्षेप नेहमी येतो. योजना आणि धर्मादाय खाटा यांना तो लागूच होत नाही, कारण तो कायद्याने दिलेला हक्क आहे. लोकांकडे मागायचे असेल तर नेमकी रक्कम, ती कशासाठी, रुग्णालयाचे अंदाजपत्रक आणि आतापर्यंत काय मिळाले हे सांगावे. देणाऱ्याला थेट रुग्णालयाच्या खात्यात भरण्याचा पर्याय द्यावा. रुग्णाचा नळ्या लावलेला फोटो टाकण्याची मुळीच गरज नाही.

घर सुटले असेल, बिल भरून झाले असेल, तर?

भरलेल्या बिलासाठी फारसे काही मिळत नाही, हे खरे आहे. पण ईएसआयसी, भविष्यनिर्वाह निधी, गंभीर आजाराची पॉलिसी, निराधार अनुदान आणि दिव्यांगत्वाचे लाभ रुग्णालयातून सुटल्यावरही मागता येतात. त्यांच्या आड येतो तो पत्ता. मेहुण्याच्या घरी राहायला गेलेल्या कुटुंबाचे आधार कार्ड भांडुपचे आणि अर्ज दुसऱ्याच तालुक्याचा, अशी गाठ पडते. त्यासाठी आधारचा पत्ता जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने त्याच्या पत्त्यावर बदलून घेण्याची ऑनलाइन सोय आहे. ठरावीक नमुन्यातील लोकप्रतिनिधींचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे पत्रही चालते. मात्र केवळ महापालिकेच्या हद्दीतल्यांना मिळणारे लाभ चालू ठेवायचे असतील तर पत्ता बदलण्याआधी त्यांची चौकशी करावी. रेशनसाठी घाई करावी लागत नाही, कारण अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला जुन्याच कार्डावर देशातील कोणत्याही दुकानातून धान्य उचलता येते. आणि घर रिकामे करताना टेम्पोत सर्वांत आधी भाडेकरार, वीजबिले, मुलांचे शाळेचे दाखले आणि जुने रेशन कार्ड यांची पिशवी ठेवावी, कारण १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा त्याच कागदांतून निघतो.